तीन मोठी माणसं आणि बेड दोनच: ओरलँडोचं हॉटेल बुक करताना दरवेळी होणारा घोळ

आमच्याकडे हा प्रश्न तीनदा आला आणि तिन्ही वेळा सोबतची माणसं वेगळी होती, त्यामुळे प्रॉब्लेम एकच आहे हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा आई-बाबा आणि मी, दुसऱ्यांदा आम्ही कॉलेजच्या तिघी मैत्रिणी, आणि तिसऱ्यांदा माझी आई आणि माझ्या सासूबाई दोघी एकाच उन्हाळ्यात न्यू जर्सीला आल्या होत्या, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी एकटीच दोघींना घेऊन फ्लोरिडात ओरलँडोला थीम पार्क बघायला गेले. तिन्ही वेळा ॲडल्ट ३ टाकलं, चिल्ड्रन शून्य टाकलं, वेबसाइटने रूम दाखवली, पैसे भरले, आणि दार उघडलं की समोर दोन बेड.

तिसरी वेळ फार वाईट गेली. पार्कच्या बाहेरचं एक साधं हॉटेल होतं, आम्ही पोचलो रात्री साडेअकराला, आणि रूममध्ये दोन डबल बेड. आता दोन विहिणी एका बेडवर झोपणार नाहीत हे आपल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही घ्या हा बेड, मी आपली खाली चादर टाकते, मला सवय आहे." आई म्हणाली, "छे हो, तुमचे गुडघे किती दुखतात, तुम्ही कशा खाली झोपणार, मीच झोपते." गुडघे दोघींचे दुखतात, जमिनीवरून उठताना दोघींना हात द्यावा लागतो. मग मी आणि आई एका बेडवर असं ठरलं, पण आई पाठीच्या दुखण्यामुळे गुडघ्याखाली उशी घेऊन झोपते, तिला कुशीवर वळायला जागा लागते, तासाभरात मी उठून कार्पेटवर गेले. मग दोघी आळीपाळीने "अगं वर ये, पाठ धरेल" म्हणत जाग्याच. सकाळी सातला निघायचं होतं, निघालो साडेनऊला, आणि डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये दुपारी दोनलाच दोघी बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. इतके पैसे घालून आईवडिलांना आणायचं, त्यांची आयुष्यातली ही एकच फेरी असण्याची शक्यता, आणि ती झोपेपायी वाया जावी याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आधी कारण सांगते कारण ते कळलं की निम्मं काम होतं. हॉटेलच्या पानावर 'स्लीप्स ४' असतं त्याचा अर्थ चार बेड नाही, चार माणसांना त्या रूममध्ये राहायची परवानगी आहे एवढाच. अमेरिकेत हिशोब ठरलेला आहे, एका क्वीन किंवा डबल बेडवर दोन माणसं. आई-बाप एका बेडवर, दोन मुलं दुसऱ्या बेडवर, हे डोक्यात धरून थीम पार्कच्या बहुतेक रूम्स बांधलेल्या आहेत. तुम्ही तीन ॲडल्ट टाकता तेव्हा सर्च फक्त एवढंच बघतो की रूमची मर्यादा तीन किंवा जास्त आहे का. कोण कुणाशेजारी झोपणार हे तो विचारत नाही. म्हणजे माणसांचा आकडा टाकून हा प्रश्न सुटूच शकत नाही, बेड मोजावे लागतात, आणि तेही स्वतः पान उघडून.

आता इंचांचं बघा, हे मी एकदा कागदावर मांडलं आणि मग कुणाशी वाद घालावा लागला नाही. ट्विन म्हणजे एकट्याचा बेड ३८ इंच रुंद. डबल, ज्याला फुल पण म्हणतात, ५४ इंच. क्वीन ६० आणि किंग ७६. क्वीनवर दोघं झोपले की प्रत्येकाला ३० इंच. डबलवर दोघं झोपले की २७ इंच, आणि इथल्या बाळाच्या पाळण्याची गादी साधारण २८ इंच रुंद असते! दोन मोठ्या बायकांना बाळाच्या गादीपेक्षा कमी जागा. किंगवर मात्र दोघांना ३८-३८ मिळतात, म्हणजे दोन ट्विन शेजारी लावल्यासारखंच, त्यामुळे बहिणी-बहिणी किंवा आई-मुलगी असतील तर किंग चालून जातो. लांबीत पण फरक आहे, डबल आणि ट्विन ७५ इंच, क्वीन ८०. सहा फुटाच्या माणसाचे पाय ७५ मध्ये जेमतेम राहतात.

बुकिंगला बसायच्या आधी तुमचे तिघं कोणते ते ठरवा. जोडपं आणि एक जण असेल, म्हणजे आई-बाबा आणि मुलगा किंवा मुलगी, तर दोन क्वीनची साधी रूम पुरते, फक्त डबल असलेली घेऊ नका. आमच्या पहिल्या ट्रिपला घोळ झाला तो बाबांच्या घोरण्यामुळे, बेडमुळे नाही, त्यावर उपाय मधे दार असलेली सूट. पण तिघंही सुटे असतील, म्हणजे दोन विहिणी आणि सून, दीर-भावजय-नणंद, तीन मित्र, ऑफिसचे तिघं, तर तीन वेगळ्या झोपायच्या जागा हव्यात, आणि त्या तिन्हींत मोठं माणूस खरंच मावतं का हे बघायला हवं. दुसरा प्रश्न असा की तिसऱ्या बेडवर कोण झोपणार. वीस-पंचवीस वर्षांची मुलगी सोफा बेडवर चार रात्री काढेल, सत्तरीच्या सासूबाई नाही काढणार. त्यामुळे दोन ज्येष्ठ असतील तर कमीत कमी दोन बेड खरे, पायांवर उभे असलेले हवेत, तिसरा घडीचा चालेल कारण त्यावर आपण झोपणार.

डिस्ने वर्ल्डचं सांगते. तिथली सगळ्यात स्वस्त हॉटेलं व्हॅल्यू रिसॉर्ट म्हणवतात, ऑल-स्टार मूव्हीज, म्युझिक, स्पोर्ट्स आणि पॉप सेंच्युरी. त्यांच्या साध्या रूम्समध्ये आता एक क्वीन बेड आणि एक भिंतीतून खाली येणारा क्वीन असतो, दिवसा तोच टेबल असतो. तो बेड वाईट नाही हं, गादी खरी असते, मी झोपलेय, पण एकूण जागा दोनच आणि रूम साधारण २६० स्क्वेअर फूट, त्यामुळे जमिनीवर एअर मॅट्रेस टाकली की बाथरूमला जायची वाट बंद. सुट्या तिघांना ही रूम घेऊ नका. याच गटात ऑल-स्टार म्युझिक आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये फॅमिली सूट आहेत, सहा माणसांचे, बाथरूम दोन, आणि झोपायच्या जागा तीन, आत वेगळ्या खोलीत क्वीन, बाहेर टेबलाचा घडीचा बेड आणि स्लीपर सोफा. दोन बाथरूम ही तीन मोठ्या माणसांसाठी फार मोठी गोष्ट आहे, सकाळी आंघोळीची रांग लागत नाही. अडचण एवढीच की खरा बेड एकच, बाकी दोन रोज घडी घालायचे, आणि सोफ्यावर कोण यावरून परत तोच मानापानाचा प्रसंग. दर पण बरेच वर जातात, कित्येक तारखांना दोन साध्या रूम्स एका सूटपेक्षा स्वस्त पडतात, तेव्हा दोन्ही टाकून बघाच.

मधल्या गटात, म्हणजे मॉडरेटमध्ये, कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज, पोर्ट ऑर्लिन्स वगैरे, बहुतेक रूम्स दोन क्वीनच्या. काही रूम्सच्या माहितीत तिसरा छोटा बेड लिहिलेला दिसेल, तो बघून हुरळून जाऊ नका, टीव्हीखालून किंवा भिंतीतून निघणारा तो छोटा बेड लहान मुलाच्या मापाचा असतो. दुसऱ्या ट्रिपला आम्ही मैत्रिणी नेमक्या यातच फसलो, तिघींत उंच मी, माझे पाय बाहेर. डिलक्स स्टुडिओ म्हणून जे असतात त्यांच्या टीव्हीखालच्या बेडचीही तीच गत, मुलं खूश, मोठ्यांना नाही.

खरा उपाय महाग गटात सापडतो. पॉलिनेशियन, कंटेम्पररी, ग्रँड फ्लोरिडियन इथे दोन क्वीन आणि एक डेबेड अशा रूम्स आहेत. डेबेड म्हणजे आपल्या घरी हॉलमध्ये दिवाण असतो ना तसाच, एका माणसाचा, रोज घडी घालायची गरज नाही. दोघी विहिणींना एकेक क्वीन आणि आपण दिवाणावर, कुणाला काही बोलायला जागा नाही. मात्र त्याच हॉटेलात डेबेड नसलेल्या रूम्स पण असतात म्हणून रूमच्या नावाखालची बेडची ओळ वाचा, 'दोन क्वीन आणि एक डेबेड' हे शब्द दिसले तरच पुढे जा. ॲनिमल किंगडम लॉज आणि वाइल्डरनेस लॉजमध्ये एक क्वीन आणि बंक बेड अशा पण रूम्स आहेत, बंकचे दोन्ही बेड मोजले तर तीन जागा होतात, फक्त वरच्या बंकवर शिडीने चढणारं कुणी सोबत हवं. आणि फोर्ट वाइल्डरनेसच्या नव्या केबिन, २०२४ मध्ये सुरू झालेल्या, त्यात क्वीन, बंक आणि बाहेरच्या खोलीत भिंतीतला क्वीन असं सगळं आहे शिवाय पूर्ण किचन, म्हणजे सकाळी पोहे आणि खरा उकळलेला चहा. पण बाथरूम एकच, हे लक्षात ठेवा.

थोडा जास्त खर्च चालणार असेल तर ॲनिमल किंगडममधल्या किदानी व्हिलेजचा एक बेडरूमचा व्हिला बघा, आत किंग, बाहेर क्वीन सोफा आणि उघडून एकट्याचा बेड होणारी खुर्ची, आणि बाथरूम दोन. सवानाच्या बाजूची रूम मिळाली तर बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे दिसतात, पार्कमध्ये दिवसभर चालणं न झेपणाऱ्या माणसांना दुपारी तिथे बसवून ठेवलं तरी त्यांचा दिवस छान जातो. हे व्हिला डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे असतात, त्याचे मेंबर लोक आपले राहण्याचे पॉइंट्स भाड्याने देतात, तसं घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पण कॅन्सल करणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे व्हिसा अजून हातात नसलेल्या आईवडिलांसाठी असं बुकिंग करू नका.

आता युनिव्हर्सल, म्हणजे ओरलँडोतले डिस्नेखेरीजचे दुसरे मोठे थीम पार्क. माझ्या मते सुट्या तीन मोठ्या माणसांसाठी ओरलँडोत सगळ्यात सरळ उत्तर इथेच आहे. एंडलेस समर नावाचं रिसॉर्ट आहे, त्यात सर्फसाइड आणि डॉकसाइड अशी दोन हॉटेलं, २०१९ आणि २०२० मध्ये उघडलेली, पूर्वी जिथे वेट अँड वाइल्ड वॉटर पार्क होता त्या जागेवर. तिथली दोन बेडरूमची सूट घ्या. एका खोलीत दोन क्वीन, दुसऱ्या खोलीत एक क्वीन, मधे दार. तिन्ही बेड खरे, घडीचा एकही नाही. मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज आणि सिंक असलेलं छोटं किचन, आणि दर युनिव्हर्सलच्या स्वस्त गटातले. पार्क चालत जायला लांब पडतो, फुकट शटल बस असते, गुडघेवाल्यांना तसंही बसच हवी. हे मला पहिल्या ट्रिपला माहीत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं (पहिल्या ट्रिपच्या वेळी ते बांधलेलंच नव्हतं म्हणा).

तिथे जागा नसेल तर कबाना बे मधली फॅमिली सूट. दोन क्वीन आणि एक सोफा बेड, मधे सरकतं पार्टिशन, आणि बाथरूमचे भाग पाडलेले, म्हणजे एक जण आंघोळीला असलं तरी दुसऱ्याला तोंड धुता येतं. दोन खरे बेड ज्येष्ठांना, सोफा आपल्याला. रॉयल पॅसिफिक, हार्ड रॉक आणि पोर्टोफिनो बे ही तीन महाग हॉटेलं, त्यांच्या साध्या रूम्स दोन क्वीनच्या असतात, पण तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्क्सचा अनलिमिटेड एक्सप्रेस पास, म्हणजे राइडच्या लांब रांगा टाळायचा पास, रूमसोबत मिळतो, तीन माणसांच्या पासचे वेगळे पैसे मोजून बघा, कधीकधी रूमचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. रोलअवे म्हणजे चाकांचा घडीचा बेड मागवता येतो का आणि किती पैसे हे फोनवर विचारून मगच बुक करा. आणि तो एक्सप्रेस पास युनिव्हर्सलच्या २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कमध्ये चालत नाही.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला जाणार असाल तर तिथे सोपं आहे, डिस्नेलँड हॉटेल आणि पिक्सार प्लेस दोन्हीकडे दोन क्वीन आणि डेबेडच्या रूम्स मिळतात.

आता बुकिंग करताना कुठे घसरतो ते. ट्रॅव्हल साइट्सवर बरेचदा लिहिलेलं असतं 'एक किंग किंवा दोन क्वीन'. त्या 'किंवा' वर कधीच विश्वास ठेवू नका, त्याचा अर्थ चेक-इनच्या वेळी जे शिल्लक असेल ते. तिथे बेडची पसंती टाकायची जागा असते ती पण फक्त रिक्वेस्ट असते, गॅरंटी नाही. माझं तिसऱ्या वेळचं बुकिंग असंच होतं, साइट म्हणाली हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणालं साइटला विचारा. त्यामुळे बेड महत्त्वाचे असतील तर थेट हॉटेलच्याच साइटवर, जिथे रूमच्या नावात बेड लिहिलेले असतात, तिथे करा आणि कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये तेच नाव आलंय का बघा.

मग तीन-चार दिवसांनी फोन करा. 'तीन माणसांना रूम पुरेल का' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येणार. असं विचारा की या रूममध्ये पायांवर उभे असलेले बेड किती, घडीचे किती, घडीच्या बेडची रुंदी आणि लांबी किती, आणि त्यावर मोठ्या माणसाने झोपायला चालतं का. मापं विचारली की समोरचा माणूस खरंच बघून सांगतो हा माझा अनुभव आहे.

गुडघ्यांमुळे तुम्ही ॲक्सेसिबल रूम घेणार असाल, उंबरा नसलेला शॉवर आणि पकडायला दांडे वगैरे, तर फार जपून. त्या रूम्समध्ये व्हीलचेअरला जागा लागते म्हणून बेड कमी असू शकतात, बरेचदा एकच किंग. आमच्या ओळखीच्या एका काकूंना शॉवर मस्त मिळाला पण तीन जणांत बेड एकच.

काही जण सल्ला देतात की दोनच ॲडल्ट दाखवा, तिसऱ्याचे पैसे वाचतील. डिस्नेत दोनच्या वरच्या प्रत्येक मोठ्या माणसाचे रोजचे जास्तीचे पैसे लागतात हे खरं आहे. पण तिसऱ्याचं नाव बुकिंगवर नसेल तर त्याची रूमची चावी, पार्कमध्ये अर्धा तास आधी जायची सोय, सगळं अडतं, आणि आग लागली वगैरे तर आत किती माणसं आहेत हे हॉटेलला माहीत असायला हवं. सगळी नावं टाका.

दोन रूम्स घेणार असाल तर कनेक्टिंग म्हणजे मधल्या भिंतीत दार असलेल्या मागा, नुसत्या शेजारच्या नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत आणि डेस्कवर गल्लत होते. आणि ज्येष्ठांना एकट्याने एका रूममध्ये ठेवू नका, रात्री एसी बंद कसा करायचा, दाराची साखळी, फोन कुठला लावायचा, यातच त्यांची झोप जाते. मी एका ज्येष्ठांसोबत आणि दुसऱ्या ज्येष्ठ शेजारी, मधलं दार उघडं, असं केलं तर चालतं.

आणि सगळं करूनही रात्री अकराला दोनच बेड निघाले तर? सामान उघडू नका. आधी डेस्कवर जाऊन रूम बदलून मागा, बेडची ओळ असलेलं ईमेल फोनवर दाखवा. रूम नसेलच तर रोलअवे मागा. तोही नसेल तर जास्तीच्या दोन रजया आणि चार उशा मागा, ते लगेच देतात, आणि जवळच्या वॉलमार्टमधून ट्विन साइजची एअर मॅट्रेस आणा, १८ इंच उंचीची, जमिनीला टेकणारी पातळ नको, आणि पंप आतच असलेली. उंच असली की मोठ्या माणसाला पण उठता येतं. मॅट्रेसवर चादरीखाली एक रजई घाला कारण एसीच्या थंड हवेने आतली हवा गार पडते आणि पहाटे पाठ गारठते. दाराकडची वाट मोकळी ठेवा. सोफा बेडची दांडी पाठीला टोचत असेल तर जास्तीची रजई तिपेडी घडी करून गादी आणि चादर यांच्यामध्ये घाला, नुसती चादर दुमडून काही होत नाही.

गेल्या वर्षी दोघी परत आल्या तेव्हा मी सर्फसाइडची ती दोन बेडरूमची सूट घेतली. दोन क्वीनच्या खोलीत दोघी विहिणी, मी पलीकडे. पहिल्या रात्री बारा वाजून गेले तरी आतून गप्पांचा आवाज येत होता, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं त्यावर चाललं होतं, मी दार थोडं लोटून घेतलं आणि झोपले, सकाळी साडेसहाला सासूबाईच हाक मारून उठवायला आल्या, "चल गं, बस जाईल."